टॉनिक चालू आहे, तरी बाळाचं रक्त वाढत नाही: कुठून कुठे शोधत जायचं

"तीन महिने झाले डॉक्टर, टॉनिक चालूच आहे, पण एचबी जागचं हलत नाही." हे वाक्य माझ्या ओपीडीत आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. त्यामुळे एक सवय लागली आहे. रिपोर्टची फाईल पुढे आली की ती बाजूला ठेवतो आणि म्हणतो, आधी बाटली दाखवा.

मध्यंतरी दीड वर्षाची एक मुलगी आली होती. वजन १० किलो, पहिलं हिमोग्लोबिन (म्हणजेच एचबी, दर डेसिलिटर रक्तामागे ग्रॅममध्ये) ७.८, तीन महिन्यांनंतर ८.१. लिहून दिलेला डोस होता रोज ५ मिली. आई म्हणाली, "रोज देते, एक दिवस चुकवलेला नाही." बाटली १०० मिलीची. रोज ५ मिली दिलं तर ती २० दिवसांत संपते, म्हणजे तीन महिन्यांत साडेचार बाटल्या लागायला हव्यात. पिशवीतून निघाली ती दुसरी बाटली, तीही अर्धी भरलेली. मी काही बोलायच्या आत आजीच म्हणाल्या, "अगं, शी काळी झाली तेव्हा बंद केलं होतंस की. आणि ओकली त्या आठवड्यातही दिलं नव्हतंस." आई गप्प झाली. तिचा दोष नव्हता. शी काळी होणार हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

औषधाला 'दाद न देणारा' ॲनिमिया म्हणून येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या पोटात पुरेसं लोह पोहोचलेलंच नसतं. उरलेल्या थोड्या मुलांना मात्र खरोखर वेगळं काहीतरी झालेलं असतं आणि त्यांना शोधून काढावंच लागतं. दोन्ही गटांसाठी वाट एकच आहे, क्रमाने जायचं. क्रम सोडून उडी मारली की टॉनिकचे ब्रँड बदलत वर्ष निघून जातं.

थांबून चालणार नाही अशी लक्षणं

पुढचं वाचण्याआधी हे बघून घ्या. हिमोग्लोबिन ७ च्या खाली आहे, बाळाला दूध ओढताना धाप लागते, छाती जोरात उडते, बाळ मलूल पडून राहतं, डोळे पिवळे झाले आहेत, लघवी गडद येते, शीतून रक्त पडतं, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग उठले आहेत, मानेत-काखेत गाठी आहेत, पाय दुखतात म्हणून मूल उभं राहत नाही किंवा ताप आठवडाभर हटत नाही: यातलं एकही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डाग, गाठी, हाडं दुखणं आणि पांढरेपणा एकत्र असतील तर रक्ताच्या कॅन्सरचीही शंका घ्यावी लागते. तिथे लोहाच्या टॉनिकची वाट बघत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

पायरी १: रक्त खरंच कमी आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मर्यादा सुधारल्या. ६ ते २३ महिन्यांच्या बाळाला १०.५ च्या खाली आणि २ ते ५ वर्षांच्या मुलाला ११ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर ॲनिमिया म्हणायचं. त्याआधी पाच वर्षांखालच्या सगळ्यांना सरसकट ११ ची रेघ होती. त्यामुळे सव्वा वर्षाच्या मुलाचं १०.७ बघून घाबरून जाण्याचं कारण नाही.

रक्त कुठून घेतलं हेही विचारा. बोट टोचून, दाबून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातली ६ ते ५९ महिन्यांची ६७.१ टक्के मुलं ॲनिमिक निघाली, महाराष्ट्रात ६८.९ टक्के. शिरेतून रक्त घेणाऱ्या २०१६–१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये हाच आकडा ४१ टक्के होता. वर्षं वेगळी आणि वयोगटही थोडे वेगळे, पण रक्त घेण्याची पद्धतही वेगळी होती, हे विसरायचं नाही. म्हणून उपचार सुरू करताना शिरेतून एक सीबीसी (सगळ्या रक्तपेशी मोजणारी साधी तपासणी) करून घ्या आणि पुढच्या तपासण्या त्याच लॅबमध्ये करा. एकदा शिबिरात बोटातून आणि पुढच्या वेळी लॅबमध्ये दंडातून, अशा दोन आकड्यांची वजाबाकी करून काही कळत नाही.

पायरी २: बाटलीचं गणित

याच पायरीवर सगळ्यात जास्त मुलांचा प्रश्न सुटतो, म्हणून इथे जरा रेंगाळू.

उपचाराचा नेहमीचा डोस म्हणजे दर किलो वजनामागे रोज ३ मिलिग्रॅम लोह. गरजेप्रमाणे डॉक्टर तो ६ पर्यंत नेतात. १० किलोच्या मुलाला झाले रोज ३० मिलिग्रॅम. हे ३० म्हणजे निव्वळ लोह, क्षाराचं वजन नव्हे. नेहमीच्या फेरस सल्फेटमध्ये साधारण पाचवा भाग लोह असतं, फ्युमरेटमध्ये तिसरा. लेबलवर 'एलिमेंटल आयर्न' हे शब्द शोधा आणि त्यापुढचा आकडा कागदावर उतरवा. मग तो आकडा किती मिलीमागे आहे तेही बघा. इथे हमखास फसगत होते: सिरपवर बहुतेकदा ५ मिलीमागचा आकडा असतो, थेंबांच्या बाटलीवर १ मिलीमागचा. ५ मिलीत ३० मिलिग्रॅम असेल तर डोस ५ मिली. १ मिलीत १० मिलिग्रॅम असेल तर ३ मिली.

आता अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणारी बाटली घ्या. 'ॲनिमिया मुक्त भारत' या २०१८ पासूनच्या कार्यक्रमातल्या सिरपच्या १ मिलीत २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. आठवड्यातून दोनदा १ मिली, असा तिचा डोस. म्हणजे आठवड्याला ४० मिलिग्रॅम. हा डोस ॲनिमिया होऊ नये म्हणून आहे. १० किलोच्या ॲनिमिक मुलाला आठवड्याला २१० मिलिग्रॅम लागतात, पाचपटीहून जास्त. "सरकारी बाटली चालू आहे, तरी वाढत नाही" असं सांगणाऱ्या घरात बहुतेक वेळा हाच घोळ असतो. तीच बाटली उपचारालाही चालते, पण मग १० किलोच्या मुलाला रोज दीड मिली, आणि तेही डॉक्टरांनी किंवा आरोग्यसेविकेने ठरवून दिल्यावर.

तिसरा घोळ म्हणजे ज्याला टॉनिक म्हणतात ते लोहाचं औषधच नसतं. रंगीत खोक्यातलं, बारा जीवनसत्त्वांचं, भूक वाढवण्याची हमी देणारं काहीतरी असतं आणि त्यात लोह नावापुरतं. आकडा न बघता भरवसा ठेवू नका.

औषधाचा प्रकारही बघावा लागतो. गोड चवीची, दात न डागाळणारी पॉलिमाल्टोज जातीची औषधं आयांना आवडतात, कारण मूल तोंड वाकडं करत नाही. पण २०१७ साली 'जामा'मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ९ महिने ते ४ वर्षांच्या ८० मुलांपैकी काहींना साधं, स्वस्त फेरस सल्फेट आणि काहींना याच जातकुळीचं आयर्न पॉलिसॅकराइड कॉम्प्लेक्स दिलं. डोस दोघांनाही सारखाच, दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. १२ आठवड्यांनी सल्फेटची मुलं सरासरी ७.९ वरून ११.९ वर गेली, दुसरी ७.७ वरून ११.१ वर. एचबी हलत नसेल तेव्हा औषध फेरस क्षाराचं आहे ना, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि बाटली उंच, कुलपात ठेवा. हा उगाच दिलेला इशारा नव्हे. ५० मिलीच्या सरकारी बाटलीत १००० मिलिग्रॅम लोह असतं. १० किलोच्या मुलाने ती सगळी प्यायली तर दर किलोमागे १०० मिलिग्रॅम पोटात गेले, आणि ६० च्या वर जिवावर बेततं. असं झालं तर उलटी करवत बसू नका, बाटली सोबत घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा. मूल पहिल्या काही तासांनंतर बरं वाटल्यासारखं दिसतं, त्या दिसण्यावर जाऊ नका.

पायरी ३: देता कसं?

दिवसातून एकदा पुरतं. दोन-तीन वेळा विभागून दिल्याने फार काही जास्त शोषलं जात नाही, उलट एखादा डोस विसरण्याची शक्यता तेवढी वाढते. दोन जेवणांच्या मधे, रिकाम्या पोटी दिलेलं उत्तम. तसं दिल्यावर ओकत असेल तर जेवणानंतर द्या, पण बंद करू नका. दुधात मिसळून देऊ नका, चहाबरोबर तर नाहीच. हो, दीड-दोन वर्षांच्या मुलांना बशीतून चहा-बिस्किट देणारी घरं अजून भरपूर आहेत. कॅल्शियमचं सिरपही त्याच वेळी देऊ नका, दोन तास अंतर ठेवा. एकाच चिठ्ठीवर लोह आणि कॅल्शियम दोन्ही लिहिलेली असतात आणि घरी दोन्ही चमचे एकामागून एक तोंडात जातात. मोसंबीचा रस किंवा लिंबूपाण्याबरोबर दिलं तर छान, नाही दिलं तरी अडत नाही.

चमच्याने नको. घरातला 'छोटा चमचा' ३ मिलीचाही निघतो आणि ७ मिलीचाही. सुई नसलेली सिरिंज घ्या, गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडा, वर दोन घोट पाणी. दातावर डाग पडलाच तर तो वरवरचा असतो, नंतर निघून जातो.

शी काळपट-हिरवी होणार. ती औषध पोटात जात असल्याची खूण आहे, तीन महिन्यांत एकदाही काळी झाली नसेल तर मलाच शंका येते. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची शी मात्र वेगळी. ती रक्ताची असू शकते, लगेच दाखवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक टिकली मारा. दिवसातून तीनदा औषध 'दिलं का गं?' असं विचारणाऱ्या घरातही टिकल्या मोजल्यावर महिन्यात सतराच निघतात.

पायरी ४: दूध मोजा

"खात काहीच नाही हो, नुसत्या दुधावर आहे." हे वाक्य ऐकलं की निम्मं निदान झालेलं असतं.

गाईच्या एक लिटर दुधात लोह साधारण अर्धा मिलिग्रॅम. त्यातलंही फार तर दहावा भाग अंगी लागतो. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोजच्या आहारातून ८ मिलिग्रॅम लोह मिळायला हवं. दुसरीकडे म्हशीचं लिटरभर दूध म्हणजे हजारभर कॅलरी, आणि या वयाच्या मुलाची दिवसाची गरजच अकराशेच्या आसपास. मग वरण-भाताला भूक राहणार कुठून? वर दुधातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह शोषू देत नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला गाई-म्हशीचं दूध सुरू केलं तर काहींच्या आतड्यातून रोज थोडं थोडं रक्त झिरपतं, डोळ्याला न दिसणारं. टॉनिकने भरायचं आणि दुधाने सांडायचं, असा हा प्रकार.

वर्षाखाली वरचं दूध नको. वर्षानंतर दिवसाला ५०० मिलीच्या आत, बाटलीतून नको, कपातून. रात्री झोपेत दिली जाणारी बाटली आधी बंद करा. पहिले तीन-चार दिवस घर डोक्यावर घेतलं जाईल. मग भूक लागते. त्या दीड वर्षाच्या मुलीचं दूध मोजलं तेव्हा रात्रीच्या दोन बाटल्या धरून सव्वा लिटर भरलं होतं.

सहा महिन्यांनंतर निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळाचंही तेच. जन्मताना मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो, आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळांचा त्याआधीच संपतो. अंगावरचं दूध चालू ठेवायचं, पण सोबत भरवायचं.

आहाराबद्दल थोडक्यात. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं हा गोड गैरसमज आहे, १०० ग्रॅम बीटमध्ये लोह जेमतेम पाऊण-एक मिलिग्रॅम. त्यापेक्षा मोड आलेल्या मटकी-मुगाचं घट्ट कढण, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं सत्त्व, वरणात शिजलेली पालेभाजी आणि वरून लिंबू हे बरं. मांसाहार चालत असेल तर बारीक केलेली कलेजी किंवा मटण, त्यातलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. लोखंडी कढई वापरा. पण एचबी ८ असलेलं मूल नुसत्या खाण्याने भरून निघत नाही. औषध लागतंच.

पायरी ५: चार आठवड्यांनी जाब विचारा

इथपर्यंतचं सगळं नीट केलं की शरीर उत्तर देतं. पहिल्या दोन-चार दिवसांत चिडचिड कमी होते, भूक उघडते. सातव्या ते दहाव्या दिवशी नव्या कोवळ्या पेशी, म्हणजे रेटिक्युलोसाइट, वाढलेल्या दिसतात. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वर यायला हवं.

आलं, तर लोहाचीच कमतरता होती हे सिद्ध झालं. वेगळ्या महागड्या तपासणीची गरज उरत नाही. त्या मुलीचं पाच आठवड्यांनी ९.९ आलं, त्याच औषधावर.

डोस बरोबर, बाटल्या संपल्या, दूध कमी केलं, तरी महिन्याभरात १ ग्रॅमही वाढलं नाही, तर आता खऱ्या अर्थाने म्हणायचं की ॲनिमिया उपचाराला दाद देत नाही. सरकारी कार्यक्रमातही इथूनच वरच्या रुग्णालयात पाठवायला सांगितलं आहे. "अजून दोन महिने बघू" हे उत्तर इथे स्वीकारू नका.

पायरी ६: तोच सीबीसी पुन्हा वाचा

नवीन तपासण्यांच्या आधी जुना कागद काढा. त्यात तीन आकडे बघा: एमसीव्ही म्हणजे पेशीचं आकारमान, आरबीसी म्हणजे पेशींची संख्या (दशलक्षांत), आणि आरडीडब्ल्यू म्हणजे पेशी एकमेकींपेक्षा किती लहानमोठ्या आहेत ते. एमसीव्हीला आरबीसीने भागा. उत्तर १३ पेक्षा जास्त आलं तर लोहाच्या कमतरतेकडे कल, कमी आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे, म्हणजे हिमोग्लोबिन बनवण्यातला आनुवंशिक दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला. एमसीव्ही ६२ आणि आरबीसी ४.१ असेल तर भागाकार १५ येतो. एमसीव्ही तेच ६२ पण आरबीसी ५.६, तर ११. दुसऱ्या मुलात पेशी भरपूर आहेत, नुसत्या छोट्या आहेत, आणि टॉनिकने त्या मोठ्या होणार नाहीत. हा भागाकार म्हणजे निदान नाही, फक्त दिशा. पण कागद-पेन्सिलीवर फुकट होतो.

मायनर असलेलं मूल ठणठणीत असतं. एचबी १० च्या आसपास रेंगाळतं आणि वर्षानुवर्षं टॉनिकं पीत राहतं. तपासणी म्हणजे एचपीएलसी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी: त्यातला एचबीए-२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर वाहक, म्हणजेच मायनर. यात दोन खाचखळगे आहेत. लोह फार कमी असेल तर एचबीए-२ खोटं कमी दिसू शकतं, आणि वर्षाखालच्या बाळात हे आकडे अजून स्थिरावलेले नसतात. अशा वेळी आईवडिलांचं सीबीसी आणि एचपीएलसी करून घेणं सोपं. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता २५ टक्के. आई पुन्हा गरोदर असेल तर ही तपासणी उद्यावर ढकलू नका. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली, पंजाबी कुटुंबांत हे जास्त दिसतं, पण आडनाव बघून कुणालाही वगळायचं नसतं.

घर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूरकडचं किंवा नंदुरबार, धुळे, मेळघाटातलं असेल तर सिकलसेलची (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झालीच पाहिजे. हातापायाची बोटं सुजून दुखणं, सारखी कावीळ, वाढलेली प्लीहा ही त्याची चिन्हं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ही तपासणी सरकारी रुग्णालयांत होते.

एमसीव्ही नॉर्मल किंवा मोठं आहे आणि आरडीडब्ल्यू खूप वाढलेला आहे, तर बी-१२ आणि फोलेट बघा. आई काटेकोर शाकाहारी, दूध-दहीही फारसं नाही, बाळ वर्ष उलटलं तरी अंगावरच्या दुधावर, बोटांच्या पेरांवर काळेपणा, हसणं कमी झालेलं, बसत होतं ते बसेनासं झालं, हात थरथरतात: हे चित्र बी-१२ चं. नुसतं लोह देत राहिलं तर एचबी वाढत नाही आणि मेंदूचं नुकसान होत राहतं. इथे आईलाही उपचार लागतो.

पायरी ७: साठा आणि सूज

आता फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, आणि त्याच्यासोबत सीआरपी, म्हणजे अंगातल्या सुजेचं माप. जोडी फोडू नका. पाच वर्षांखाली फेरिटिन १२ च्या खाली म्हणजे साठा रिकामा. पण अंगात कुठे संसर्ग असेल तर फेरिटिन फुगतं, म्हणून तेव्हा रेघ ३० ची धरतात. सर्दी-तापात केलेलं 'नॉर्मल' फेरिटिन बघून पुष्कळ जण फसतात. रक्तातलं लोह आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) करायचं असेल तर सकाळी रक्त द्या आणि त्या दिवसाचा डोस नंतर घ्या.

सूज असेल तर यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. ते आतड्यातलं लोहाचं दार बंद करतं आणि साठ्यातलं लोहही अडकवून ठेवतं. क्षयरोग, पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा संसर्ग, जुना संधिवात यांत हेच होतं. मूळ आजार बरा होईपर्यंत वरून ओतलेलं औषध शीतून निघून जातं.

पायरी ८: गळती कुठे आहे?

साठा रिकामा आहे आणि औषध नीट जातंय, तर दोनच शक्यता: लोह गळतंय, किंवा आत शिरत नाही.

गळतीसाठी शीची तपासणी, लपलेलं रक्त आणि जंतांची अंडी दोन्हींसाठी. अनवाणी खेळणाऱ्या मुलांना अंकुशकृमी होतात, ते आतड्याला चिकटून रक्त पितात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत अल्बेंडाझोल मिळतं: १ ते २ वर्षांना अर्धी गोळी (२०० मिलिग्रॅम), २ वर्षांवर पूर्ण. लहानग्यांना गोळी कुटून पाण्यातून द्या, ठसका लागतो.

दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर दोन ते चार आठवडे दूध व दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करून बघतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गाईचं बंद करून शेळीचं सुरू करणं म्हणजे काहीच न करणं, कारण प्रथिनं बरीचशी सारखीच. पोट न दुखता शीतून भरपूर लाल रक्त पडलं तर मेकेल्स डायव्हर्टिक्युलम नावाचा आतड्याचा जन्मजात फुगवटा आठवायचा. तो एका खास स्कॅनमध्ये दिसतो आणि शस्त्रक्रियेने जातो. आणि ॲनिमिया आहे, सोबत महिनोन्महिने खोकला, छातीच्या फोटोत येणारे-जाणारे ढग, तर रक्त फुफ्फुसात गळत असू शकतं. हे दुर्मीळ आहे, पण 'दमा आणि ॲनिमिया' असे दोन वेगळे आजार समजून अशी मुलं बराच काळ फिरतात.

पायरी ९: दार बंद आहे का?

सीलिॲक आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे लोह शोषणारा आतड्याचा भागच झिजतो. उत्तर भारताच्या मानाने आपल्याकडे तो कमी, तरी आहे. जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची ही नेहमीची चिन्हं, पण कधी कधी न वाढणारं एचबी हीच एकमेव खूण असते. रक्तातली टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडं आणि सोबत एकूण आयजीए तपासतात. तपासणीआधी पोळी बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा नॉर्मल येईल. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी, आणि थोड्या मोठ्या मुलांत एच. पायलोरी हा जठरातला जिवाणू, यांसाठी शीची तपासणी होते. ॲसिडिटीचं औषध महिनोन्महिने चालू असेल तर तेही सांगा, जठरातलं आम्ल कमी झालं की लोह विरघळत नाही.

मूल माती, खडू, भिंतीचे पोपडे खात असेल तर शिशाचा विचार करा. लोह कमी असलं की असलं खायची ओढ लागते, आणि लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, असं ते चक्र. जुना रंग, भेसळीची कल्हई, सुरमा, बॅटऱ्या फोडण्याचं काम चालणारा शेजार, हे विचारून घ्या. रक्तातलं शिसं दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं की स्रोत शोधायलाच हवा.

पायरी १०: अगदी मोजक्या मुलांसाठी

सगळं नॉर्मल. एमसीव्ही मात्र खूप कमी, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ५ टक्क्यांच्या आसपास, फेरिटिन त्या मानाने बरं, आणि तोंडावाटे दिलेल्या लोहाला शून्य प्रतिसाद. मग आयआरआयडीए नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात टीएमपीआरएसएस-६ या जनुकात दोष असतो, २००८ मध्ये तो उलगडला. हेप्सिडिनला आवर घालणारा ब्रेकच निकामी, त्यामुळे लोहाचं दार कायम बंद. दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून नात्यात, मामे-आतेभावंडांत लग्न झालेलं असेल तर तसं डॉक्टरांना सांगा. निदान जनुकीय तपासणीने, बालरक्तविकारतज्ज्ञांकडे. शिरेतून लोह दिल्यावर सुधारणा होते, पण पुरती नाही.

इंजेक्शन आणि रक्त

"डॉक्टर, एकदाचं इंजेक्शनच देऊन टाका ना." हा आग्रह मला कळतो. शोषणच होत नसेल, किंवा तोंडावाटे काही केल्या जमत नसेल, तर शिरेतून आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज देतात. पण रुग्णालयात, ॲलर्जीची तयारी ठेवून, आणि अंगात ताप-संसर्ग नसताना. यातल्या कार्बोक्सिमाल्टोजने रक्तातलं फॉस्फरस खाली जाऊ शकतं, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. कुल्ल्यावर टोचायचं जुनं लोहाचं इंजेक्शन नको: दुखतं, कातडी काळी पडते, फायदा वेगळा काही नाही.

रक्त चढवणं साधारण ४ च्या खाली, किंवा ४ ते ६ मध्ये धाप, हृदयावर ताण असेल तर. चढवायची वेळ आलीच तर आधी एचपीएलसी, फेरिटिन, बी-१२ साठी नमुना काढून ठेवायला सांगा. एकदा दुसऱ्याचं रक्त मिसळलं की एचपीएलसी तीनेक महिने गोंधळ घालतं.

एचबी ११ झालं, आता?

औषध थांबवायचं नाही. रक्तातलं भरलं, साठ्यातलं अजून रिकामं आहे. तोच डोस आणखी दोन ते तीन महिने, वजन वाढलं असेल तर मिलीचं गणित पुन्हा मांडून. बंद केल्यावर तीन महिन्यांनी एकदा सीबीसी, आणि अंगणवाडीची आठवड्यातून दोनदा १ मिली ही सवय पाच वर्षांपर्यंत. पुन्हा उतरलं तर दुसरी, चौथी आणि आठवी पायरी आधी बघा, परतून येणारा ॲनिमिया बहुधा तिथेच सापडतो.

ती मुलगी गेल्या महिन्यात ११.४ वर आली. आई पिशवीतून सहाव्या बाटलीसोबत टिकल्यांचं कॅलेंडरही घेऊन आली होती. मधल्या दोन चौकटी रिकाम्या होत्या, त्यांत आजींनी लिहिलं होतं, 'मामाकडे'.